कोकण-गोवा सहलीचे जुने फोटो आणि निगेटिव्ह सापडलेत (साल ९६ की ९८, आठवत नाही). सोबतचा मित्र पुढच्या महिन्यात भेटणार आहे. त्याआधी डिजिटल कसे करू?

अल्बम बाजूला ठेवा, आधी निगेटिव्ह काढा. प्रिंटच्या कडा लॅबमध्ये थोड्या कापल्या जातात, रंगही उडालेले असतात, आणि अल्बममधला क्रम कधीच हललेला असतो. निगेटिव्हच्या काठावर मात्र १२, १२ए, १३ असे आकडे छापलेले असतात, तोच प्रवासाचा खरा क्रम. हर्णै आधी की गुहागर, हा वाद तिथे मिटतो. फक्त आकडे प्रत्येक रोलवर नव्याने सुरू होतात, त्यामुळे पाकिटांवर आधी रोल १, रोल २ लिहा आणि पट्ट्या एकत्र करू नका.

सालासाठी फोटोच्या कोपऱ्यातल्या केशरी तारखेवर विसंबू नका. कॅमेऱ्याची बॅटरी बदलली की ती तारीख पुन्हा लावावी लागे, आणि ते कोण करतंय! सावंतवाडीहून कोकण रेल्वेने थेट गोव्यात उतरल्याचे फोटो असतील तर साल १९९८ च्या आधीचं नाही. जानेवारी १९९८ मध्ये तो मार्ग पूर्ण खुला झाला.

पट्टी कडेने धरा. धूळ रबरी ब्लोअरने उडवा, रुमालाने पुसू नका, ओरखडा कायमचा राहतो. पांढरी जाळी दिसली तर ती बुरशी. तिला पाणी लावायचं नाही, कारण बुरशीने जिलेटिन (फिल्मवरचा चित्राचा थर) विरघळण्याजोगं झालेलं असतं आणि पाण्याबरोबर चित्रच निघून येतं.

फिल्म स्कॅनरवर ३२०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके) पुरे. २४ × ३६ मिमीच्या फ्रेममधून साधारण १४ मेगापिक्सेल मिळतात, त्यापुढे बहुतेक वेळा फिल्मचे दाणेच मोठे होतात. स्कॅनर नसेल तर टॅबलेटची पांढरी स्क्रीन आणि मोबाइलवरही काम भागतं. निगेटिव्ह स्क्रीनपासून दोनेक सेंटिमीटर उंच धरा, नाहीतर पिक्सेलची जाळी फोटोत उतरते. काठावरची अक्षरं उलटी दिसली तर पट्टी पालथी पडली आहे. रंग उलटवल्यावर सगळं निळसर दिसतं, ते फिल्मच्या नारिंगी थरामुळे. पांढरा शर्ट किंवा ढग धरून व्हाइट बॅलन्स लावा.

निगेटिव्ह हरवलेल्या फोटोंसाठीच अल्बम. चिकट पानांवरचे फोटो ओढू नका. बिनमेणाचा डेंटल फ्लॉस कोपऱ्यातून आत घालून करवतीसारखा हलवा. सुटत नसेल तर पानासकट ६०० डीपीआयला स्कॅन करा.

फाइलला स्कॅनची तारीख लागते, म्हणून 'काढल्याची तारीख' बदला, नाहीतर १९९८ चा मित्र गॅलरीत आजच्या भाजीच्या यादीशेजारी बसेल. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात तर आकार घटतो.

सगळे फोटो आधीच पाठवू नका, असं माझं मत. न ओळखू येणारे दहा-बारा तेवढे ४ × ६ मध्ये छापून न्या, नावं न लिहिता. आणि त्यालाही निगेटिव्ह शोधायला आत्ताच सांगा: कॅमेरा ज्याच्या हातात तो फोटोत नसतो, त्यामुळे तुमचे बरेचसे फोटो त्याच्याकडेच असणार.