वाचकांचे आरोग्यप्रश्न : मज्जारज्जूची इजा आणि लघवीची नळी

प्रश्न : माझे पती ३८ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीवरून पडून त्यांच्या मणक्याला मार लागला आणि बेंबीखालचे अंग लुळे पडले. तेव्हापासून लघवीसाठी कायमची नळी आहे. गावातले कंपाउंडर महिन्याला ती बदलतात. नळी मांडीला चिकटवलेली आणि पिशवी खाटेला अडकवलेली असते. हात चांगले चालतात. गेल्या महिन्यात अंघोळ घालताना मला दिसले, की लघवीचे भोक खालच्या बाजूने पेरभर चिरत गेले आहे. त्यांना काहीच दुखत नाही, म्हणून मी गप्प राहिले. हे आपोआप भरून येईल का?
— एक भगिनी, शिरोळ तालुका

उत्तर : ताई, नळी आहे तशीच राहिली तर ही चीर भरून येणार नाही, उलट वाढत जाईल, म्हणून याच आठवड्यात कोल्हापुरातल्या मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा. संकोचाने गप्प राहिल्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. मज्जारज्जूला इजा झालेल्या पुरुषांत हा त्रास ओळखीचा आहे, पण त्याविषयी घरात बोलले जात नाही आणि अनेकदा दवाखान्यातही कोणी विचारत नाही.

पाठीला जखम होऊ नये म्हणून आपण त्यांची कूस वरचेवर बदलत असाल. इथेही तोच प्रकार आहे. नळी मांडीवरून खाली ओढली गेली, की तिचा भार दिवसरात्र मूत्रमार्गाच्या खालच्या भिंतीवर पडतो, तिथला रक्तपुरवठा दबतो आणि कातडी हळूहळू फाटत जाते. धडधाकट माणूस पहिल्याच दिवशी कळवळला असता. आपल्या पतींपर्यंत ती कळ पोहोचतच नाही. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे १८ ते २० सेंटिमीटर लांब आणि वळणाचा असतो. शिश्न जिथे अंडकोशाला मिळते, त्या वळणावरही असाच दाब पडतो. तिथे सूज किंवा पू होऊन छिद्र पडले, तर लघवी अंडकोशाजवळून गळू लागते. म्हणून रोज अंघोळीच्या वेळी शिश्न उचलून खालची बाजू आणि अंडकोश नीट पाहावेत. जे त्यांना जाणवत नाही, ते आपल्याला डोळ्यांनीच पाहावे लागणार आहे.

आजच करता येईल अशी गोष्ट म्हणजे शिश्न पोटाच्या दिशेने वर वळवून नळी ओटीपोटावर थोडी सैल ठेवून चिकटवणे. पिशवी मात्र मूत्राशयाच्या पातळीखालीच हवी, आणि ती गच्च भरण्याआधी रिकामी करावी, कारण भरलेल्या पिशवीचे सगळे ओझे नळीवर येते. नळीच्या कडेने लघवी गळू लागली की जाड नळी घालायची, ही आपल्याकडची सवय मला फार घातक वाटते. ते गळणे बहुधा मूत्राशयाच्या आकडीमुळे किंवा नळी तुंबल्यामुळे होते, आणि जाड नळीने चीर तेवढी वाढते.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा, की हात चालणाऱ्या ३८ वर्षांच्या माणसाला मूत्रमार्गातून कायमची नळी हवीच कशाला? इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी ठरावीक वेळाने नळी घालून मूत्राशय रिकामे करून ती काढून घेण्याची पद्धत रुजवली. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडिस यांनी दाखवले, की स्वच्छ धुतलेल्या हातांनी रुग्ण हे घरी स्वतः करू शकतो. दिवसातून ४ ते ६ वेळा, प्रत्येक वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त लघवी साठू न देता हे करायचे असते. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या अपंगांसाठीच्या संस्थेमुळे चाकाच्या खुर्चीवरची माणसे शिकताना आणि काम करताना कोल्हापूरने पाहिली आहेत, अशा माणसाला पिशवी न बाळगता घराबाहेर पडता येणे किती मोलाचे आहे, हे मी वेगळे सांगायला नको. या पद्धतीतही घाईने किंवा कोरडी नळी घातल्यास आतून खरचटते आणि तिथे व्रण धरून मार्ग अरुंद होतो. म्हणून भरपूर जेल लावावे आणि नळी अडली तर जोर लावू नये. थांबून दीर्घ श्वास घ्यावा, तरीही जात नसेल तर डॉक्टरांकडे जावे.

आपल्या पतींची चीर आणि मूत्राशयातील दाब तपासूनच हा निर्णय होईल. ते जमणार नसेल तर ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी बसवता येते. त्यामुळे मूत्रमार्गावरचा दाब सुटतो. चिरेवर शस्त्रक्रिया करायची की नाही, हे त्यानंतर ठरवता येते.

प्रश्न : माझ्या भावाला मानेत इजा झाली आहे. नळी बदलताना तिच्या आतल्या टोकाचा, ती मूत्राशयात अडकून राहावी म्हणून असलेला फुगा भरताच त्याचे डोके ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला आणि लघवीच्या भोकातून रक्त आले. हे कशामुळे?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : फुगा मूत्राशयात पोहोचण्याआधी मूत्रमार्गातच भरला गेला असावा. मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर असेल, तर दुखणे जाणवले नाही तरी शरीर रक्तदाब एकाएकी वाढवून प्रतिसाद देते, आणि तो जिवावर बेतू शकतो. अशा वेळी फुगा लगेच रिकामा करावा, रुग्णाला उठवून बसवावे, पाय खाली सोडावेत, कपडे व पट्टे सैल करावेत आणि त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. नळी तिच्या बाहेरच्या टोकाला असलेल्या फाट्यापर्यंत पूर्ण आत जाऊन लघवी वाहू लागल्याखेरीज फुग्यात पाणी भरू नये, हे नळी बदलणाऱ्याला प्रत्येक वेळी स्पष्ट सांगा. एकदा रक्त आल्यानंतर पुढची नळी घरी न घालता तज्ज्ञांकडूनच घालून घ्या. अशा इजेने अरुंद झालेला मार्ग काही महिन्यांनीही लक्षात येतो, तेव्हा नळी पूर्वीपेक्षा अडखळत जात असेल तर मूत्रमार्गाचा क्ष-किरण फोटो किंवा दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.