दहा अणू मोजून पोट भरतं का?

नमस्कार भाऊ,

पत्र मिळालं. उद्यमनगरात तुमचं लेथचं वर्कशॉप, पोरगी बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला, आणि ती म्हणती क्वांटममध्येच जाणार, थोडेसेच कण असले तर ते टोळीसारखं कधी वागायला लागतात ते बघायचंय तिला. तुम्ही विचारताय, दहा अणू मोजून पोट भरतं का, का सरळ कॉम्प्युटरला घालू?

तिचा प्रश्न येडा नाही ओ. मिसळीच्या दुकानाबाहेर एकटा उभारला तर ती रांग नव्हे, दोघं पण नव्हे, पण पाचवा येतो तो गपगुमान मागं जाऊन उभारतो. मग रांग झाली कितव्याला? २०१३ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या सेलिम योखिमच्या ग्रुपनं लिथियमच्या अणूंवर हेच करून बघितलं, लेसरच्या सापळ्यात जवळजवळ एका रेषेत अणू धरले, त्यात एकच वेगळ्या स्पिनचा (स्पिन म्हणजे अणूचा एक अंगभूत क्वांटम गुण), बाकीचे एकेक करून वाढवत नेले आणि दर खेपेला त्या एकट्याच्या एनर्जीत किती फरक पडतो ते मोजलं. चार-पाच झाले नाहीत तोवर आकडा अगणित अणूंच्या थिअरीला जाऊन टेकला! मला वाटलेलं निदान शेकडो तरी लागतील. २०२० ला तर त्यांनी दोन, सहा, बारा अणूंवर फेज ट्रान्झिशनची, म्हणजे पाण्याचा बर्फ होतो तशा सगळ्या टोळीच्या अवस्थाबदलाची, चाहूलसुद्धा दाखवली.

आणि हे काम कागदावरचं नाही बरं का. हे अणू ज्या हवा काढलेल्या व्हॅक्यूम चेंबरमध्ये धरतात, त्याच्या फ्लँजच्या (जोडाच्या चकतीच्या) धारेवर बारीक चरा पडला तरी लीक शोधण्यात आठवडा जातो. मायक्रॉन म्हणजे काय हे तुमच्या पोरीला घरातच कळलंय, माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या पोरांना ते सांगावं लागतं. तिला रविवारी लेथवर उभी करा, खरंच सांगतो.

पैशाचं म्हणाल तर वेळ लागतो, लपवत नाही. एमएस्सी दोन वर्षं, पीएचडी पाच-सहा. पण जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांची सरकारी फेलोशिप, मिळाली तर महिना ३७,००० येतात, वर घरभाडं. २०२३ ला केंद्रानं क्वांटम मिशनला सहा हजार कोटी मंजूर केलेत, आणि अशाच अतिथंड अणूंची लॅब पुण्याच्या आयसरमध्येच (केंद्राची विज्ञान संस्था) आहे, एकदा दाखवून आणा. तिसऱ्या वर्षाला जॅमचा, म्हणजे एमएस्सीच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरायचा, परीक्षा फेब्रुवारीत असते. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा तिनं शिकावीच, पण फिजिक्स सोडून नव्हे.

आणि तिचे गणिताचे मार्क तुम्ही लिहिलेच नाहीत, ते तेवढे कळवा.