विश्वास उडाला, तरी भीती का उरते?

"ताई, त्या सगळ्यावर माझा आता कणभरही विश्वास नाही. मग भीती का जात नाही?"

लहानपण एखाद्या कट्टर पंथात गेलेल्या माणसांकडून हा प्रश्न मी समुपदेशनाच्या कामात पुन्हा पुन्हा ऐकते. बाहेर पडून दहा-पंधरा वर्षं झालेली असतात. नोकरी, संसार, सगळं मार्गी लागलेलं असतं. तरी मूल तापानं फणफणलं की पहिला विचार येतो, 'ही माझ्या पापाची शिक्षा.'

वृंदा (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) चार वर्षांची असताना आईवडील घरदार विकून एका बाबांच्या वसाहतीत राहायला गेले. बाहेरचं जग बुडणार, आत असतील तेच तरणार, ही तिथली शिकवण. शाळा बंद. औषध घेतलं तर तो बाबांवरचा अविश्वास. रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर आपल्या चुका कबूल करायच्या, आणि मुलांनी आईबापांच्याही चुका सांगायच्या. सतराव्या वर्षी मावशीनं तिला बाहेर काढलं. माझ्याकडे आली तेव्हा ती तिशीत होती.

कुठे बसतेस? "तुम्ही सांगाल तिथे." पुढच्या वेळी कधी येशील? "तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा." तुला काय वाटतं? यावर ती गोंधळून माझ्याकडे बघायची. "काय वाटायला हवं?"

टेक्सासमधल्या वेको इथे १९९३ साली 'ब्रँच डेव्हिडियन' पंथाच्या वसाहतीला ५१ दिवस वेढा पडला होता. त्या काळात २१ मुलं बाहेर आली. त्यांच्यासोबत काम करणारे बालमनोविकारतज्ज्ञ ब्रूस पेरी यांनी लिहून ठेवलंय की, शांत बसलेली असतानाही मुलांच्या हृदयाचे ठोके जलद असत; आणि ब्रेडला नुसतं पीनट बटर लावू की जॅमही, एवढं विचारलं तरी काही मुलं बावरून जात. वृंदाला हे सांगितलं, तेव्हा ती ढसाढसा रडली. "म्हणजे मी एकटीच अशी नाही."

मोठेपणी पंथात शिरलेल्या माणसाला बाहेर पडल्यावर स्वतःचं आधीचं आयुष्य आठवता येतं. वृंदाला 'आधी' नव्हतंच. तिला सावरायचं नव्हतं, पहिल्यांदाच उभं राहायचं होतं. मी मानसोपचारातली, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मानणारी. समजुती तपासून बघण्यावर माझा भर असतो. पण हिच्या समजुती तपासून झालेल्या होत्या, बाबांचे दावे ती माझ्यापेक्षा नेमके खोडून काढायची. एलिस कृतीवरही तेवढाच भर देत, आणि इथे तीच वाट खरी ठरली. रोज एक लहानशी गोष्ट स्वतः ठरवायची, एवढंच आम्ही सुरू केलं. भाजी कुठली, ओढणी कुठली.

पुढे मी सुचवलं, वडिलांना एक पत्र लिही, पाठवू नकोस. ते अजून आतच आहेत. पुढच्या भेटीला ती आली, आणि दारातच थांबली. तिचे हात थरथरत होते.

"मी पत्र लिहिलं नाही."

"बरं."

"विसरले नाही. मला लिहायचं नव्हतं."

"बरं केलंस. नको होतं ना?"

ती बराच वेळ उभी होती. "बस? एवढंच?"

"अजून काय व्हायला हवं होतं?"

"तुम्ही रागवाल, मला येऊ नको म्हणाल असं वाटलं. रात्रभर झोपले नाही." मग खाली बसली आणि हसू लागली. इतक्या दिवसांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

इतक्या वर्षांच्या कामात मला ज्या क्षणांचा अभिमान वाटतो, त्यातला हा एक. तोवर नकळत बाबांच्या जागी तिनं मला बसवलं होतं. बाबांना शिव्या देणं तिला केव्हाच जमत होतं. ज्या माणसाबद्दल आदर आहे, त्याला 'नाही' म्हणायचं आणि तरी नातं टिकतं हे अनुभवायचं, हे तिच्या आयुष्यात प्रथमच घडलं. भीती त्यानंतर ओसरू लागली. युक्तिवादानं ती ओसरली नव्हती.

म्हणून घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं: "तेव्हाच का नाही निघालीस?" असं विचारू नका, लहान मूल कुठे जाणार होतं? तिथली भजनं, तिथल्या मैत्रिणी आठवून तिला भरून आलं तर चिडू नका. जे गमावलं त्यात प्रेमही होतं. लगेच दुसऱ्या महाराजांकडे नेऊ नका, आणि नास्तिक हो म्हणून मागेही लागू नका. तिचा निर्णय चुकला तरी तो तिचा राहू द्या. उदबत्तीच्या वासानं किंवा एखाद्या जपानं छातीत धडधडलं, तर तो परत श्रद्धा जडल्याचा पुरावा नाही, शरीराला जुनी सवय आठवते इतकंच. जगणं नको वाटू लागलं तर थांबू नका, 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. अशा ठिकाणी आज एखादं मूल अडकलेलं माहीत असेल, तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा.

वृंदाच्या मुलीला परवा ताप आला. तिनं तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं, औषध दिलं. 'शिक्षा' हा विचार आला, पण त्यानं तिला अडवलं नाही. वडिलांना भेटायला जायचं की नाही, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. मीही विचारत नाही.