पुण्यात आठ वर्षांच्या मुलीसाठी शांत, शिकवलेलं पोनी कुठे मिळेल?

तुम्ही विचारलंय की हडपसरला राहतो, सासवड रस्त्याला थोडी जागा आहे, मुलगी आठ वर्षांची, तिच्यासाठी दोन-तीन वर्षांचं गरीब पोनी घ्यायचंय, ‘म्हणजे दोघं बरोबरच मोठी होतील’.

या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले. आमच्या घरात नऊ वर्षांपूर्वी माझ्या भावोजींनी अगदी हेच म्हटलं होतं, आणि माझ्या मुलीचं कॉलरबोन मोडलं.

आम्ही वडकीला राहतो, दिवे घाटाच्या पायथ्याशी. घराला लागून बारा गुंठे. मुलगी तेव्हा सात वर्षांची, घोड्याचं वेड. भावोजी, म्हणजे मोठ्या ताईचे यजमान, यांची शेती आहे, बैल-म्हशींची पारख आहे, म्हणून जनावर आणायचं त्यांच्यावर सोपवलं. एका घोडेबाजारातून त्यांनी अडीच वर्षांचं शिंगरू ठरवलं. पांढरंशुभ्र, आयाळ कमावलेली, दिसायला चित्र. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्यावर खोगीर आधीच कसलेलं होतं आणि पोटाखालून घाम टपकत होता. सकाळचे आठ, थंडीचे दिवस. मी म्हटलं, याला आधीच पळवून दमवलंय. भावोजी म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं, जनावर गरीब आहे. आठ-दहा माणसांसमोर म्हणाले. मी गप्प बसले. तिथेच पाय रोवून ‘नको’ म्हणायला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या कांद्याच्या चाळीवरची ताडपत्री वाऱ्याने फडफडली. शिंगरू बुजलं आणि उधळलं. मुलीच्या पायात सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट. पाय रिकिबीतून, म्हणजे खोगिराच्या पाय ठेवायच्या कडीतून, आरपार गेला आणि ती दहा-बारा पावलं फरपटली. हेल्मेट होतं म्हणून हाडावर निभावलं. शिंगराची चूक शून्य. अडीच वर्षांचं जनावर ते, त्याने जग बघितलेलंच नव्हतं. घोड्याचं तोंड दातांनी भरायला पाच वर्षं लागतात आणि पाठीचा कणा पक्का व्हायला त्याहूनही थोडं जास्त. त्या वयात पाठीवर माणूस बसवणंच चूक, आणि सात वर्षांच्या पोरीने त्याला शिकवायचं? घोडा आणि बसणारा यांच्यातल्या एकाला तरी काम येत असलं पाहिजे. मूल शिकाऊ असेल तर घोडा जाणता हवा. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

दीड वर्षाने मी एकटीने जाऊन सतरा वर्षांची घोडी आणली. भीमथडी जातीची, बुटकी, कोळशाच्या धुरासारख्या रंगाची. भीमा-नीरेच्या खोऱ्यात धनगरांच्या फिरत्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड, कोंबड्या, कोकरं पाठीवर घेऊन चालणारी ही जात. रस्ता, कुत्री, ट्रक, पोरं यांचं तिला काही वाटत नाही. ती नऊ वर्षं एका रायडिंगच्या सरांकडे लहान मुलांना शिकवत होती. ताईकडे सगळे म्हणाले, म्हातारी घोडी घेतलीस, पैसे पाण्यात.

बघायला मी न कळवता पहाटे सहाला गेले. घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराला म्हटलं, माझ्यासमोर मोकळ्यातून पकडून आण. पकडताना पळते का, पोटपट्टा आवळताना चावायला येते का, चारही खूर उचलू देते का, तोंडात लगाम घेते का, हे बघायचं होतं. मग तिला बाकीच्या घोड्यांपासून एकटीला लांब न्यायला सांगितलं. बरीच घोडी तिथे अडतात, फिरून कळपाकडे धावतात. प्लॅस्टिकची पिशवी पायाशी ओढली. मोतद्दार स्वतः आधी बसला, मग दुसऱ्या दिवशी माझी मुलगी. कडक रस्त्यावर दुडकी चालवून बघितली. पाय दुखत असेल तर डोकं दर पावलाला वर-खाली होतं. वेदनाशामक देऊन लंगडणं लपवतात आणि गुंगीचं औषध देऊन तापट घोडा गरीब करतात, म्हणून घोड्यांचा डॉक्टर स्वतःचा नेला आणि रक्त तपासून घेतलं. विकणाऱ्याने सुचवलेला डॉक्टर अजिबात घेऊ नका. पंधरा दिवस घरी ठेवून बघू देत नसेल तर व्यवहार तिथेच सोडा.

पहिल्याच आषाढी वारीत माउलींची पालखी घाटाकडे निघाली. आमच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर दिंड्या, टाळ, मृदंग, पाण्याचे टँकर, भोंगे. घोडी कडबा खात उभी होती. एकदा कान वळवून बघितलं, पुन्हा खाली मान.

आता कुठे मिळेल. बाजारात जाऊन मिळणार नाही, हे माझं स्पष्ट मत. चांगलं शिकवलेलं तट्टू तोंडी ओळखीतून मिळतं: ज्या घरातलं मूल उंच झालं त्यांच्याकडून, नाहीतर रायडिंग शिकवणाऱ्यांकडून. तेव्हा आधी मुलीला सहा महिने शिकायला घाला. तिथेच कळेल कुणाचं जनावर निघतंय. रेसकोर्सवरून निवृत्त झालेला घोडा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. तो पोनी नाही, आणि शेजारी घोडा आला की पळायचं हेच त्याला शिकवलेलं असतं. वरातीत नाचवलेला आवाजाला सरावलेला असतो, पण बऱ्याचदा त्याचं तोंड काटेरी लगामाने खराब झालेलं असतं. (तो लगाम जनावरांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या 1965 च्या नियमांपासून बंद आहे, तरी दिसतो.) मारवाडी जातीच्या घोड्याच्या उंचीला भुलू नका.

म्हाताऱ्या घोडीलाही खर्च आहे, तेही सांगते. दात वर्षातून एकदा तरी घासावे लागतात, खुरं सहा ते आठ आठवड्यांनी छाटावी लागतात, धनुर्वाताची लस दरवर्षी. 200 किलोच्या तट्टाला रोज साधारण चार किलो सुका चारा. लाड म्हणून हरभरा आणि लसूणघास कोंबलात तर खुरांचा आजार होतो. खोगिरासकट 40 किलोच्या वर त्याच्या पाठीवर ठेवू नये, म्हणजे चार-पाच वर्षांत मुलगी त्याला जड होणारच. तेव्हा विकायला गेलात तर काही येत नाही. आम्ही विकली नाही. मुलीला टाचेचे बूट मात्र पहिल्या दिवशीच घ्या.

भावोजींनी आजवर माझं बरोबर होतं असं म्हटलेलं नाही. मागच्या महिन्यात नातवाला घेऊन आले आणि फोटोसाठी त्याला घोडीवर बसवायला निघाले. मी म्हटलं, थांबा, दोर मी धरते. म्हणाले, कशाला, ती कुठे जातेय.

मी हेल्मेट आणायला आत गेले.