ईसिम घेताना जीबी शेवटी बघा

प्रश्न: आम्ही दोघं निवृत्त. फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली असा बारा दिवसांचा प्रवास रेल्वेने, आमचा आम्हीच आखून करणार आहोत. भाचा म्हणतो ईसिम घ्या. नेटवर पाहिलं तर कुणी ‘युरोप ५ जीबी’ देतंय, कुणी ‘अनलिमिटेड’. यातलं कुठलं घ्यावं? ते घेतलं की आमचा नंबर जाणार का? आणि बँकेचे ओटीपी कुठे येणार?

उत्तर: ओटीपीचं तुम्ही शेवटी विचारलंत, मी ते आधी घेते. गट घेऊन फिरणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहून दुसऱ्यांचे फोन लावून देणं ओघानं आलंच. तासभर नेट नसलं तर कुणाचं फारसं अडत नाही, वायफाय सापडतं. कार्डाचा ओटीपी आला नाही की मात्र हॉटेलच्या काउंटरवर घाम फुटतो.

ईसिम म्हणजे फोनच्या आत कायमची बसवलेली चिप. कंपनीची माहिती तिच्यात नेटवरून उतरवून घ्यायची, त्याला प्रोफाइल म्हणतात. तुमचं नेहमीचं सिम त्याच्या खाचेत आहे तसंच राहतं आणि दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येतात. तेव्हा कामं वाटून द्या: कॉल आणि एसएमएस जुन्या सिमवर, नेट सगळं ईसिमवर. प्रवाशांसाठीची बहुतेक ईसिम नुसत्या डेटाची असतात, त्यांना बोलण्याचा नंबरच नसतो. त्यामुळे तुमचा नंबर कुठे जात नाही. व्हॉट्सअॅपही जुन्याच नंबरावर चालतं. मध्येच त्यानं ‘नंबर बदलायचा का?’ असं विचारलं तर नाही म्हणा.

मग सेटिंगमध्ये जाऊन जुन्या सिमचं डेटा रोमिंग बंद करा. आयफोन असेल तर ‘अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग’ हेही बंद. एका सिमची रेंज गेली की दुसऱ्यावरून नेट ओढायची मुभा ते देतं. रोमिंग बंद असताना तसं व्हायला नको, तरी मी दोन्ही कड्या लावते.

पण रोमिंगचं नेट बंद करणं वेगळं आणि रोमिंगची सेवाच नसणं वेगळं. सेवा नसेल तर परदेशात जुन्या सिमला नेटवर्क मिळणार नाही आणि ओटीपीही येणार नाही. निघण्याआधी आपल्या कंपनीला दोन गोष्टी विचारा: माझ्या नंबरावर परदेशातलं रोमिंग सुरू आहे का, आणि आलेल्या एसएमएसला पैसे पडतात का. बहुतेक ठिकाणी पडत नाहीत. आलेला फोन उचलला तर मात्र पडतात. वाजू द्या, मग व्हॉट्सअॅपवरून उलटा फोन करा.

आता प्लॅन. माणसं आधी जीबी बघतात. मी सगळ्यात आधी देशांची यादी उघडते. ‘युरोप’ हा शब्द विक्रेते फार सैल वापरतात. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून रोमिंगचे जादा दर गेले, त्या नियमात स्वित्झर्लंड नाही. त्यामुळे काही युरोप प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड असतं, काहींत नसतं. तुमच्या मार्गात तर ते बरोब्बर मध्ये आहे! ‘३० हून जास्त देश’ या ओळीवर जाऊ नका, यादीत तिन्ही नावं वाचा. ब्रिटन आणि तुर्कस्तानला जाणाऱ्यांनीही हेच करावं.

दुसरं, मुदत कधी सुरू होते ते. काही प्लॅनची प्रोफाइल उतरवली त्या क्षणी, काहींची तिथलं नेटवर्क पहिल्यांदा पकडलं की. पहिल्या प्रकारातलं ईसिम आठवडाभर आधी घालून ठेवलंत तर तो आठवडा घरी बसूनच संपेल. दुसरा प्रकार घ्या आणि घरच्या वायफायवर शांतपणे घालून ठेवा. ते घालायला नेट लागतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. ज्यावर फोन धरून ईसिम उतरवायचं तो विक्रेत्याचा क्यूआर कोड ई-मेलमध्ये, ई-मेल उघडायला नेट नाही आणि नेट तर त्या कोडात अडकलेलं! आणखी एक गंमत म्हणजे कोड ज्या फोनच्या पडद्यावर आहे, तोच फोन त्याच्यावर धरणार कसा? तेव्हा कोडाचा कागदी प्रिंट काढा किंवा दुसऱ्याच्या फोनवर तो उघडा. नव्या आयफोनमध्ये कोडाच्या चित्रावर बोट दाबून धरलं तरी काम होतं. काहीच जमलं नाही तर कोडाखाली अक्षरांची लांबलचक ओळ असते, ती हातानं भरता येते.

एकदा घातलेलं ईसिम प्रवास संपेपर्यंत काढून टाकू नका. नेट येत नाही म्हणून ‘डिलीट करून परत घालू’ असा मोह होतो. बहुतेक कोड एकदाच चालतात. बंद करायचं असेल तर बंद करा, पुसू नका.

‘अनलिमिटेड’बद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. खाली बारीक अक्षरांत ‘फेअर यूसेज’ नावाची अट असते. दिवसाला ठरावीक डेटा वापरलात की वेग इतका उतरतो की मजकुराचे निरोप जातात, नकाशा मात्र कुथत उघडतो. शिवाय अशा प्लॅनमध्ये हॉटस्पॉट बंद किंवा मोजकाच असतो. तुम्ही दोघं आहात. एकाच फोनमध्ये ईसिम घालून दुसऱ्याला नेट द्यायचा विचार असेल तर ही अट तुमच्यासाठी जीबीपेक्षा महत्त्वाची. खरं तर दोघांनी वेगळी छोटी ईसिम घ्या असंच मी सांगेन. स्टेशनवर चुकामूक होते तेव्हा ज्याच्याकडे नेट नाही तोच नेमका हरवलेला असतो.

राहिले जीबी. घरच्या वापरावरून अंदाज बांधू नका, घरी वायफाय असतं. एक दिवस वायफाय बंद ठेवून बाहेर हिंडा आणि रात्री सेटिंगमध्ये आकडा बघा. नकाशे, तिकिटं, निरोप यांना फार लागत नाही. एचडी दर्जाचा चित्रपट मात्र तासाला ३ जीबीपर्यंत खाऊ शकतो. दुसरा चोर म्हणजे फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप. तो फक्त वायफायवर ठेवा. शहरांचे नकाशे आधीच उतरवून घ्या. एवढं केलंत तर बारा दिवसांना माणशी ५ जीबी पुरावेत. मध्येच संपले तर त्याच ईसिमवर जादा भरता येतात का, हे घेतानाच बघून ठेवा.

प्रश्न: माझा फोन वापरलेला घेतलाय. त्यात ईसिम चालेल का?

उत्तर: *#०६# दाबा. येणाऱ्या आकड्यांत ‘ईआयडी’ नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला तर फोनमध्ये ईसिमची सोय आहे. पण फोन एखाद्या कंपनीला बांधलेला, म्हणजे लॉक असेल तर सोय असूनही दुसऱ्याचं ईसिम चालत नाही. आयफोनमध्ये ‘अबाउट’खाली ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ अशी ओळ असली की निश्चिंत. वापरलेला फोन मूळ कुठे विकला गेला होता हेही विचारा. चीनमध्ये विकल्या गेलेल्या अनेक फोनांत ईसिमच नसतं, दिसायला मॉडेल तेच असलं तरी.

प्रश्न: ईसिम घातलं, रेंजच्या दांड्या दिसतात, नेट शून्य. विक्रेता उत्तर देत नाही.

उत्तर: ईसिमच्या लाइनवर डेटा रोमिंग चालू करा. जुन्या सिमचं रोमिंग बंद करायला सांगितलेलं असतं, म्हणून लोक दोन्हींचं बंद करतात. विक्रेत्याचे स्वतःचे टॉवर नसतात. त्यानं कुठल्या तरी देशातल्या कंपनीकडून लाइन घेतलेली असते, त्यामुळे तुमचं ईसिम बहुतेक ठिकाणी पाहुणंच असतं. तरीही नेट आलं नाही तर विक्रेत्याच्या ई-मेलमध्ये ‘एपीएन’, म्हणजे नेटला जोडणाऱ्या दाराचं नाव, दिलेला असतो, तो शब्द ईसिमच्या सेटिंगमध्ये जसाच्या तसा भरा. मग नेटवर्क आपोआप निवडणं बंद करून यादीतलं दुसरं नेटवर्क निवडून बघा.

प्रश्न: मुलगी कामासाठी चीनला चाललीय. तिथे व्हॉट्सअॅप बंद असतं म्हणे. मग ईसिम घेऊन उपयोग काय?

उत्तर: उपयोग तिथेच जास्त. रोमिंगमध्ये तिचं नेट आधी ज्या कंपनीची लाइन आहे तिच्या देशात जातं आणि तिथून बाहेर पडतं. त्यामुळे बाहेरच्या कंपनीच्या ईसिमवर व्हॉट्सअॅप आणि गूगल चालतात, हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत. वायफाय दिसलं की जोडायची सवय तिला तिथे आवरावी लागेल. या वळणाची किंमत म्हणजे नेट जरा रेंगाळतं आणि काही ॲप ती तिसऱ्याच देशात आहे असं समजतात. बँकेचं ॲप त्यावरून बिचकू शकतं, तेव्हा बँकेला प्रवासाची कल्पना देऊन ठेवावी. ईसिम निघण्याआधीच घालावं. तिथे पोचल्यावर विक्रेत्याचं पान उघडेलच असं नाही. तुर्कस्ताननं २०२५ च्या जुलैत अशा कितीतरी विक्रेत्यांच्या साइट बंद केल्या.

प्रश्न: क्रूझवर ईसिम चालतं का?

उत्तर: बंदरात चालतं, त्या देशाचा प्लॅन असेल तर. भर समुद्रात जहाजाचं स्वतःचं उपग्रहाचं नेटवर्क असतं. ते नेहमीच्या प्लॅनमध्ये येत नाही, आणि जुनं सिम चुकून त्याला चिकटलं तर बिल बघवत नाही. जहाज सुटलं की फोन विमान मोडवर टाका आणि लागलंच तर जहाजाचं वायफाय विकत घ्या.