मुलांत खेळू दे की नको?

प्रश्न: लेक 12 वर्षांची. मुलांबरोबर फुटबॉल खेळते. नातेवाईक म्हणतात, आता पुरे. थांबवू का?
– एक आई, डिचोली

उत्तर: ताई, मुळीच थांबवू नका! 2022 मध्ये 17 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाच्या दोन्ही उपांत्य लढती आपल्याच गोव्यात, फातोर्ड्याला झाल्या. त्या स्पर्धेत कोलंबियाकडून खेळलेल्या लिंडा कायसेदोने पुढच्याच वर्षी मोठ्यांच्या विश्वचषकात जर्मनीवर गोल केला. मुलांत खेळली की चेंडू झटकन सोडायची सवय लागते, ती या वयातच लागलेली बरी. गुडघे मात्र जपा. वयात येणाऱ्या मुलींना तिथेच दुखापतीचा धोका जास्त. उडीनंतर जमिनीवर टेकताना गुडघे वाकलेले हवेत, आत वळलेले नकोत. आरशासमोर करून घ्या. आणि भावाचे जुने बूट नकोत, तिच्या मापाचे घ्या.