पॅरिसमध्ये जुन्या वळणाचं बिस्त्रो, म्हणजे तिथली छोटी, साधी खाणावळ, कसं ओळखावं आणि तिथे काय मागवावं? माझी आई मांस खात नाही, पण तिला अंडं चालतं.

अंड्यावरून ओळखा. बाहेरच्या फळ्यावर सुरुवातीच्या पदार्थांत 'अफ मायो' आहे का बघा, आणि असेल तर आधी तेच मागवा. उकडलेलं अंडं अर्धं कापून पालथं ठेवलेलं आणि त्यावर मोहरी घालून ताजं फेटलेलं मेयोनेझ, बस्स. चूक झाकायला दुसरं काही नसतंच. बलक नुकता कुठे धरू लागलाय अशा बेताने अंडं उतरवलेलं असावं, बलकाभोवती हिरवट कड नसावी. मेयोनेझ अंड्यावरून हळूहळू ओघळावं, पण पाण्यासारखं पसरू नये, आणि मोहरीचा झणका नाकाला जरासा लागावा. ज्या स्वयंपाकघरात एवढं रोज नीट जमतं, तिथलं बाकीचंही खुशाल खा. फ्रेंचांना या पदार्थाची इतकी आस्था की त्याच्या जतनासाठी त्यांची रीतसर संस्था आहे आणि ती स्पर्धाही भरवते.

अंड्यावर मी एवढा भर देतोय, कारण बिस्त्रोचा स्वयंपाक मुळात हलक्या किमतीच्या जिनसांचा आहे. एकोणिसाव्या शतकात ओव्हेर्न्यच्या डोंगराळ मुलखातून बरीच माणसं पोटासाठी पॅरिसला आली. त्यांतल्या कित्येकांनी कोळसा-लाकडाची दुकानं थाटली आणि तिथेच वाइनही विकायला ठेवली. नवरा पाठीवर कोळशाची पोती वाहून घरोघर पोचवायचा, बायको गल्ला सांभाळायची आणि मागे पातेलं शिजत ठेवायची. त्या पातेल्यात महाग मांस कुठून येणार? पायाचं, मानेचं, चिवट मांस. ते रेड वाइनमध्ये तासन् तास मंद आचेवर ठेवलं की 'बफ बुर्गिन्यों' होतं. वासराचं मांस पांढऱ्या रश्शात शिजवलं की 'ब्लांकेत'. बदकाच्या तंगड्या त्याच्याच चरबीत शिजवून टिकवल्या की 'कोंफी'. हे सगळं सवडीचं काम आहे, आणि मला बिस्त्रो आवडतं ते याचसाठी. स्टेक-फ्रित, म्हणजे स्टेक आणि तळलेले बटाटे, सगळीकडे मिळतं. तिथे गेल्यावर शिजायला वेळ लागणारं काहीतरी खावं.

कांद्याचं सूपही त्याच जातीचं. पॅरिसच्या मध्यावर 'ले आल'चा घाऊक बाजार होता, तो 1969 मध्ये शहराबाहेर रँजिसला हलवला. रात्रभर ओझी वाहणारे हमाल पहाटे हे सूप प्यायचे. कांदा लोण्यात अगदी बारीक आचेवर तांबूस, गोडसर होईपर्यंत परतायचा, त्यात रस्सा, वर शिळ्या पावाचे तुकडे आणि भरपूर किसलेलं चीज, मग भट्टीत वरून खरपूस. नीट केलेल्या सुपात चमचा घातला की चीजची तार तुटता तुटत नाही.

नावाजलेल्या जागांपैकी लॅटिन क्वार्टरमधलं 'पोलिदोर' 1845 पासूनचं आहे. 'बुइयों शार्तिए' 1896 चं. काटेकोर बघितलं तर ते बिस्त्रो नव्हे, कामगारांना स्वस्तात गरम जेवण देणाऱ्या 'बुइयों' परंपरेतलं प्रशस्त भोजनगृह आहे. तिथे वेटर टेबलावरच्या कागदावरच ऑर्डर खरडतो आणि हिशेबही तिथेच मांडतो. रांग असते, पण जाच. तरी एक जेवण तुमच्या हॉटेलच्या आसपासच्या एखाद्या बिनानावाजल्या जागी घ्या. दुपारी साडेबाराला आजूबाजूच्या कचेऱ्यांतली माणसं भरलेली दिसली, फळा खडूने लिहिलेला आणि पदार्थ मोजकेच असले की आत शिरा. पाच-सहा भाषांतलं, फोटो छापलेलं लांबलचक मेनूकार्ड दिसलं तर पुढे चला. 'फे मेझों', म्हणजे पदार्थ तिथेच बनवलेला, याची खूण घराच्या छपरासारखं झाकण असलेलं भांडं अशी असते, तीही बघा.

दुपारीच जायला सांगतोय, कारण 'प्ला द्यु जूर', म्हणजे त्या दिवसाचा खास पदार्थ, आणि 'फॉर्म्युल', म्हणजे दोन-तीन पदार्थ ठरावीक दरात, हे बहुधा दुपारचं असतं. बारा ते दोन ही वेळ पाळा. तीनला पोचलात तर चूल बंद झालेली असेल.

रीतिरिवाज फार नाहीत, पण एक पक्का: आत शिरताच 'बाँझूर' म्हणा आणि मगच बाकीचं बोला. न म्हणता थेट टेबल मागणं तिथे उद्धटपणाचं समजतात. वेटर तुटक वागला अशी तक्रार आपल्याकडचे प्रवासी करतात, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. पाव आणि नळाचं पाणी जेवणासोबत फुकट असतं, 'काराफ दो' मागा, नाहीतर बाटली येईल. पावाला वेगळी ताटली बहुधा देत नाहीत, तो टेबलावरच ठेवायचा. 2024 मध्ये फ्रान्सने बिस्त्रो-कॅफेंमधल्या या सगळ्या चालीरीतींना आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं, आणि मला ते अगदी योग्य वाटतं. फळ्यावरचे पदार्थ जपायचे तर टेबलाभोवतीची ही वागणूकही जपायला हवी.

तुमची आई मांस खात नाही पण अंडं चालतं, असं तुम्ही लिहिलंय. मग कांद्याचं सूप त्यांच्यासाठी नको. रस्सा बहुधा गोमांसाच्या हाडांचा असतो. त्यांच्यासाठी अफ मायो, लीकची, म्हणजे कांद्याच्या जातीच्या एका भाजीची, 'पोआरो विनेग्रेत', गरम बकरी-चीजचं सॅलड, ऑम्लेट. सॅलड मागवताना 'साँ लार्दों' हे शब्द नक्की वापरा, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येतील. गोडात 'ईल फ्लोतांत' घ्या: दुधाच्या कस्टर्डवर तरंगणारा, अंड्यातला पांढरा भाग फेटून केलेला हलकाफुलका ढीग. जेवण झाल्यावर बिल आपणहून कोणी आणत नाही, कारण तुम्हाला उठवणं त्यांना असभ्य वाटतं. 'लादिस्यों, सिल व्हू प्ले' म्हणून मागून घ्या. सेवेचा आकार दरातच धरलेला असतो. वर एक-दोन युरो ठेवलेत तर त्यांना आनंदच होईल.